गडग्याला पाय फुटत नाहीत

आमच्या घरची एक केस देवगडच्या दिवाणी कोर्टात नऊ वर्षं चालली. वाद एका गडग्याचा, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाचा, आणि त्याला लागून असलेल्या दोन हापूस कलमांचा. बाबांचं म्हणणं, पावसात गडगा कोसळला तेव्हा चुलतकाकांनी रचताना तो आमच्या जमिनीत सरकवला. काकांचं उत्तर ठरलेलं: "गडग्याक काय पाय फुटले?" पुढे त्यांच्या वकिलांनीही तेच वाक्य शुद्ध मराठीत वापरलं.

परवा मित्राचा फोन आला. "जमिनीच्या केससाठी चांगला सर्वेअर साक्षीदार हवाय. आपल्या बाजूने ठाम बोलणारा." त्याला म्हटलं, बाबा रे, तो ठाम बोलणारा आम्ही घेऊन बघितलाय.

आमचा खासगी सर्वेअर माणूस म्हणून गोड. सकाळी आला, टोटल स्टेशन, म्हणजे मोजणीचं यंत्र, लावलं, न्याहारी केली, दुपारपर्यंत माप घेऊन गेला. आठवड्याभरात रंगीत नकाशा आला. त्यात गडगा चार फूट आमच्या आत. बाबांनी तो नकाशा फ्रेम करायचा तेवढा बाकी ठेवला.

मग उलटतपासणी. काकांच्या वकिलांनी आवाजसुद्धा चढवला नाही. लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनवाल्यांना, नोटीस दिली होती? नाही. टिपण, गुणाकार बुक या जुन्या मोजणी अभिलेखांच्या नकला पाहिल्या? पक्षकाराने मोबाइलवर नकाशा पाठवला होता. मोजणी कोणत्या खुणेवरून सुरू केली? "गडग्याच्या वरच्या कोपऱ्यावरून."

म्हणजे ज्या गडग्याची जागा ठरवायची, त्यालाच ठाम खूण धरून मोजलेलं. कोर्टात कोणी हसलं नाही, पण आमच्या वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला. टोटल स्टेशन मिलिमीटरपर्यंत अचूक असेल हो, पण सुरुवातच वादातल्या दगडापासून केली तर ती सगळी अचूकता वाया.

तज्ज्ञाचं मत ऐकायचं हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ ने होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ३९ झालं. पण ऐकायचं म्हणजे मानायचंच असं नाही. कोर्ट विचारतं, या निष्कर्षाला आलात कसे? कोणते अभिलेख, कोणत्या खुणा, कोण हजर होतं? ते नसेल तर मत म्हणजे नुसती फी घेऊन काढलेली रेघ. आणि आपण पक्षकार नेमकं तेच विकत घ्यायला जातो. वकिलाने आपली बाजू लढवायची असते. सर्वेअरने लढवली की तो कामातून गेला.

शेवटी आम्हीच अर्ज केला आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २६, नियम ९ खाली कोर्ट कमिशनर, म्हणजे कोर्टातर्फे जागेवर जाऊन अहवाल देणारा माणूस, नेमला गेला: भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. (हा अर्ज पहिल्या वर्षीच करायला हवा होता. हद्दीच्या वादात कमिशनर नेमावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हरियाणा वक्फ बोर्डाच्या प्रकरणात सांगितलेलं आहे.) नोटिसा सगळ्यांना गेल्या. त्या दिवशी काका आणि बाबा सड्यावर एकाच छत्रीच्या अंतरावर, एकमेकांकडे पाठ करून उभे.

भूकरमापकाने गडग्याकडे बघितलंही नाही. आधी करवंदीच्या जाळीत शिरला. तीन सर्व्हे नंबर जिथे भेटतात तिथला जुना दगड कोयत्याने रान तोडून शोधला. दुसरा खाली पाणंदीला सापडला. तिसरा मिळालाच नाही, बहुतेक चिऱ्याच्या खाणीत गेला. हे त्याने अहवालात स्पष्ट लिहिलं. वहिवाटीची हद्द वेगळी दाखवली, अभिलेखाप्रमाणे येणारी वेगळी.

त्यालाही पिंजऱ्यात बोलावलं. कमिशनरचा अहवाल नियम १० प्रमाणे पुरावा असतो, पण त्याची तपासणी करता येते. यावेळी आमच्या वकिलांनी विचारलं, "तुमची हद्दरेषा तंतोतंत बरोबर आहे ना?" तो म्हणाला, "नाही साहेब. मूळ नकाशा एकास हजारचा आहे. कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अर्धा मीटर होते. तेवढं इकडे तिकडे होऊ शकतं." बाबांनी मान खाली घातली. मला मात्र त्या क्षणी वाटलं, या माणसाच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांना आता वजन आलं. गडग्याची मालकी कोणाची, बारा वर्षांची वहिवाट कोणाची, यावर तो एक अक्षर बोलला नाही. ते त्याचं कामच नव्हतं.

निकालात वरचं हापूसचं कलम स्पष्ट आमच्याकडे आलं. खालचं त्या अर्ध्या मीटरच्या घोळात सापडलं, त्यावर पुढे काकांशी तडजोड झाली: एक वर्ष त्यांचे आंबे, एक वर्ष आमचे. अर्थात आमच्या वर्षी झाड मोहरत नाही, पण ते कोणत्याच सर्वेअरच्या हातात नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं की पहिल्या भेटीत सर्वेअरला विचार, 'माझ्या विरुद्ध माप आलं तर लिहून द्याल का?' आणि तो काय बोलतो त्यापेक्षा उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघ.

आमच्या त्या पहिल्या सर्वेअरची अर्धी फी अजून बाकी आहे. परवा जत्रेत भेटला, चहा पाजला, पैशांचं काढलं नाही. आई म्हणते, देऊन टाक.