ग्राफमधलं पीक (टोक) उलटं सरकलं म्हणून १ स्टार, त्यावर आमच्या लॅबचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. १ स्टार दिलात, तुमचा हक्क आहे, पण "क्रायोस्टॅटचं टेम्परेचर चुकीचं दाखवतात आणि सॅम्पल पण खराब केलं" (क्रायोस्टॅट म्हणजे सॅम्पल थंड करायचं यंत्र) हे तसंच सोडता येत नाही, कारण बाकीचे लोक पण हे वाचूनच सॅम्पल पाठवायचं की नाही ठरवतात.

तुमची फिल्म मिथिलअमोनियम लेड आयोडाइडची, म्हणजे लेड हॅलाइड पेरोव्स्काइट या अर्धवाहकांच्या गटातली. रूम टेम्परेचरला तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या ग्राफचं पीक ७७० नॅनोमीटरच्या आसपास होतं आणि थंड करत गेलो तसं ते लाल बाजूला, म्हणजे जास्त तरंगलांबीकडे गेलं, तुमच्या मते निळ्याकडे जायला हवं होतं. सिलिकॉन किंवा गॅलियम आर्सेनाइड असतं तर गेलंच असतं, थंडीत त्यांचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात जायला लागणारी ऊर्जा; ती जास्त तितका प्रकाश निळ्याकडे) वाढतो, टेम्परेचरनुसार बँडगॅप सांगणारा वर्षनीचा फॉर्म्युला पण तिथेच नीट बसतो. लेड हॅलाइड पेरोव्स्काइटचं बरोब्बर उलटं आहे हो. यात व्हॅलन्स बँडचा (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पट्ट्याचा) वरचा काठ लेडच्या ६एस आणि आयोडीनच्या ५पी ऑर्बिटल्सच्या अँटीबाँडिंग (ऊर्जा वर ढकलणाऱ्या) मिश्रणातून बनतो, गरम केलं की लॅटिस (अणूंची जाळी) फुगते, ओव्हरलॅप कमी होतो, तो काठ खाली जातो आणि गॅप वाढतो, म्हणजे थंड केल्यावर गॅप कमी होणारच. टेम्परेचरवर डाउट असेल तर त्याच दिवशी त्याच होल्डरवर चालवलेल्या गॅलियम आर्सेनाइड वेफरचा डेटा तुमच्या फोल्डरमध्येच आहे, पीक ८७० वरून ८२० नॅनोमीटरच्या जवळ, एकदम पुस्तकासारखा. तो उघडून तरी बघायचा ना सर.

आता १५० केल्विनला दिसलेली दोन पीक. १६० केल्विनच्या आसपास हे मटेरियल टेट्रागोनलमधून ऑर्थोऱ्होम्बिक फेजमध्ये (वेगळ्या स्फटिकरचनेत) जातं, त्या फेजचा गॅप साधारण ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्टने मोठा, म्हणून नवीन पीक एकदम ७५० नॅनोमीटरच्या बाजूला उगवतं. पण सगळी फिल्म एका फटक्यात बदलत नाही, थोडे टेट्रागोनल कण मध्येमध्ये अडकून राहतात, आणि पाणी उताराला धावतं तसे कॅरियर्स (इलेक्ट्रॉन आणि होल) त्या कमी गॅपच्या जागी जमतात, त्यामुळे कण मोजके असले तरी जुनं पीक चांगलंच दणदणीत दिसतं. याला सॅम्पल खराब होणं म्हणत नाहीत. गरम करताना हा बदल नेमका त्याच टेम्परेचरला होत नाही, म्हणून रिपोर्टवर ठळक 'कूलिंग रन' (थंड करताना घेतलेलं मोजमाप) लिहिलंय.

रूम टेम्परेचरचं पीक ४०-५० नॅनोमीटर रुंद आलं तेही स्पेक्ट्रोमीटरमुळे नाही, लॅटिसची कंपनं कॅरियर्सना हलवतात त्यामुळे आलं, ८० केल्विनचा ग्राफ बघा, किती अरुंद झालंय.

पैसे परत मिळणार नाहीत, डेटा बरोबर आहे. वॉर्मिंग रन हवा असेल तर नायट्रोजनचा खर्च तेवढा द्या, मशीनचा चार्ज लावणार नाही. फिल्म ड्राय बॉक्समध्ये ठेवलीय, लवकर न्या, आणि येताना हवाबंद डबा आणा, मागच्या वेळसारखं पावसात साध्या पेट्री डिशमधून नको.