भागायचं कशाने, ते आधी ठरवा

दोन प्रश्नांची उत्तरं एकाच तक्त्यात मांडून त्यांचा संबंध कसा वाचायचा, यावरचा तुमचा लेख छान आहे, पण त्यातलं 'ज्या चौकटीत आकडा मोठा, तिथे संबंध घट्ट' हे वाक्य काही पटलं नाही.

समजा, 200 जणांना विचारलं: सायकल चालवता का आणि चष्मा आहे का? सायकलवाले 150, त्यातले 60 चष्मेवाले. न चालवणारे 50, त्यातले 30 चष्मेवाले. नुसते आकडे बघितले तर 60 म्हणजे 30 च्या दुप्पट. आता तक्त्यात आडव्या ओळी सायकलच्या आणि उभे रकाने चष्म्याचे धरा, आणि आडव्या ओळीच्या बेरजेने भागा. सायकलवाल्यांत चष्मा 40 टक्के, बाकीच्यांत 60. चित्र उलटंच! उभ्या रकान्याच्या बेरजेने भागलं तर 90 चष्मेवाल्यांपैकी 60, म्हणजे जवळपास 67 टक्के सायकलवाले. हा आकडा भारदस्त वाटतो खरा, पण एकूण लोकांतच सायकलवाले 75 टक्के आहेत, म्हणजे चष्मेवाल्यांत ते उलट कमीच. (मीही बरीच वर्षं इथेच गंडायचो.)

आणि तिसरा घटक लपलेला असला तर टक्केवारीही फसवते. 1973 मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात पुरुष अर्जदारांपैकी सुमारे 44 टक्क्यांना पदव्युत्तर प्रवेश मिळाला, स्त्री अर्जदारांपैकी 35 टक्क्यांना. उघड भेदभाव वाटला. विभागवार तक्ते केल्यावर तो फरक बहुतेक विरून गेला, कारण जिथे सगळ्यांनाच प्रवेश अवघड, अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

जाता जाता: 'सांगता येत नाही' म्हणणारे गाळले की छेद, म्हणजे ज्याने भागतो तो आकडा, बदलतो. किती गाळले, ते तक्त्याखाली लिहा ना!