मामाचा टाइप

पाण्याने आग विझते, आगीने गवत जळतं आणि गवत पाणी पिऊन टाकतं. एवढ्या भांडवलावर माणूस पोकेमॉन, म्हणजे नाना शक्तींचे प्राणी एकमेकांशी झुंजवायचा व्हिडिओ गेम, खेळायला बसतो. सुरुवातीला बरं चालतं, शाळेतलं विज्ञान कुठेतरी कामी आल्याचा आनंद होतो. मग समोरून भुतं, पऱ्या, किडे आणि ड्रॅगन यायला लागतात आणि लक्षात येतं की इथे अक्कल चालत नाही, पाठांतर चालतं.

या प्राण्यांच्या जातींना टाइप म्हणतात, आणि असे टाइप एकूण 18. कोणाचा फटका कोणाला किती लागतो याचा तक्ता मांडला की 324 चौकटी होतात. फटका नेहमीइतका लागतो, दुप्पट लागतो, निम्मा लागतो किंवा मुळीच लागत नाही. सुट्टीला आलेल्या माझ्या भाचीला हा तक्ता तोंडपाठ आहे. बाराच्या पाढ्यात ती अजून अडखळते, पण ते विचारलेलं तिला आवडत नाही. तिने आपल्या स्विचवर, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रावर, माझ्यासाठी वेगळा खेळ सुरू करून दिलाय आणि रोज संध्याकाळी शेजारी बसून ती माझी तोंडी परीक्षा घेते. खरं तर 2016 पासूनच्या खेळांत, आधी भेटलेला पोकेमॉन समोर आला की कोणता फटका कितपत लागेल हे पडद्यावरच लिहून येतं. बनवणाऱ्यांना मामालोकांची कणव आली असावी. पण नेमक्या त्या ओळीवर भाची आंब्याने बरबटलेला अंगठा दाबून धरते. "बघून कोण खेळतं, मामा?"

त्यात एकेकाला दोन-दोन टाइप. माझा लाडका गायराडॉस घ्या. निळा, लांबलचक, मिश्या फेंदारलेला, कायम जबडा वासलेला. कोणीही शेंबडं पोर त्याला ड्रॅगन म्हणेल. पण तो ड्रॅगन नाही. तो वॉटर आणि फ्लाइंग. पाण्याला वीज दुप्पट लागते, उडणाऱ्यालाही दुप्पट, म्हणजे याला चौपट. समोरच्याने वीतभर पिकाचू बाहेर काढला, एक ठिणगी पडली आणि माझं ते धूड आडवं झालं.

"पण हा उडतो कुठे?" मी विचारलं.

"फ्लाइंग आहे ना, मग उडतो."

दुसऱ्या दिवशी मी पिकाचूच घेतला. समोर क्वॅगसायर आला, गुळगुळीत आणि बावळट चेहऱ्याचा. हा वॉटर आणि ग्राउंड. पाण्यावर वीज दुप्पट, एवढं आता मला येत होतं. पण जमिनीला वीज लागत नाही, तिथे शून्य. आणि दोनाला शून्याने गुणलं की काय उरतं? पत्रिका जुळवताना एकनाड निघाली की गुरुजी बाकीचे गुण मोजायचंच सोडून देतात, तसं हे. क्वॅगसायर हसत उभा राहिला. तो कायमच हसतो, पण त्या दिवशी ते मला लागलं.

माझी तक्रार हरण्याबद्दल नाही, कारणांबद्दल आहे. बर्फाचा फटका ड्रॅगनला जबर लागतो, पण स्वतः बर्फ फक्त बर्फापासूनच वाचतो. फायटिंगवाला नुसत्या लाथाबुक्क्यांनी दगड फोडतो, लोखंडही वाकवतो. आमच्या गल्लीतल्या कराटेच्या क्लासात असलं काही होताना मी पाहिलेलं नाही. सायकिक म्हणजे मनाच्या शक्तीने चमचे वाकवणारे थोर लोक, आणि ते हरतात कोणापुढे, तर किड्यांपुढे!

"कारण घाबरतात," भाची म्हणाली. "तू नाही का झुरळ दिसलं की पलंगावर चढतोस?"

यावर मी मिळेल ते वाचून काढलं आणि घबाड सापडलं. 1996 च्या पहिल्या खेळात, सायकिक टाइप भुतांना घाबरतो असं खेळातलंच एक पात्र छातीठोकपणे सांगतं. प्रत्यक्षात प्रोग्राममध्ये तिथे शून्य पडलेलं होतं! भुताने सायकिकला कितीही मारलं तरी ढिम्म. तक्ता बनवणाऱ्यांनाच तक्ता आला नव्हता, आणि ही सुधारणा व्हायला 1999 उजाडलं. मी विजयी मुद्रेने हे सांगितलं.

"ते जुनं झालं, मामा," ती म्हणाली. "तुझ्यासारखं."

एवढ्यात आईने तोंड घातलं. ती पलीकडे चवळीच्या शेंगा मोडत बसली होती आणि इतके दिवस तिने या विषयात अवाक्षर काढलं नव्हतं. "भुताला लोखंड दाखवावं," ती म्हणाली. "तुझ्या मामाच्या वेळी माझ्या उशाशी विळा ठेवला होता. फिरकलं नाही काही."

भाची विचारात पडली. आणि गंमत म्हणजे आईचं खरं होतं! 1999 मध्ये स्टील टाइप आला तेव्हा भुताचा फटका त्याला निम्माच लागायचा. पण 2013 मध्ये पऱ्यांचा नवा टाइप आणताना सगळ्या तक्त्याची झाडाझडती झाली, ड्रॅगनचा फटका परीला शून्य ठरला, आणि त्याच धांदलीत लोखंडाचं हे कवच काढून घेतलं. आता स्टीलला भूत इतरांइतकंच लागतं.

"कोणी काढलं?" आईने विचारलं.

"जपानमधल्या लोकांनी."

"त्यांना काय माहीत," आई म्हणाली आणि शेंग मोडली. "मग आता भूत कोणाला लागत नाही?"

"नॉर्मलला. अजिबात लागत नाही. शून्य."

"आणि हा कोण?" शेंगेने माझ्याकडे बोट.

भाचीने मला आपादमस्तक न्याहाळलं. "नॉर्मल. म्हणजे याचा फटका कुठल्याच टाइपला दुप्पट लागत नाही. एकालासुद्धा."

मी याला हरकत घेणार होतो, पण तक्त्यात तसंच आहे. आईला मात्र तेवढं पुरलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "गच्चीवर कुरडया राहिल्यात आणि जिन्यातला दिवा गेलाय. तूच जा."