नळाच्या दिवशी जहाज

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हा पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि एकेका टाकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. अशा घरातल्या माणसांनी पैसे मोजून चार रात्री पाण्यावर तरंगायला जावे, ही कल्पना माझी नव्हे. ती पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या कन्येची. आजी-आजोबांच्या लग्नाला ५५ वर्षे झाली म्हणून तिने सिंगापूरहून निघून मलेशियातील पोर्ट क्लांग आणि पेनांग ही दोन बंदरे करून पुन्हा सिंगापूरला येणाऱ्या जहाजाची सहल आम्हा सर्वांना भेट दिली, आणि "बाबा, बाकीचं तुम्ही बघा," असे म्हणून फोन ठेवला. ते 'बाकीचं' बघण्यात माझे साडेतीन महिने गेले.

लातूरच्या बाजारपेठेतल्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. त्यांपैकी एका रस्त्यावर, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर, आमच्या एजंटाचे कार्यालय आहे. काशी-रामेश्वर करून आणण्यात त्याची हयात गेली असल्यामुळे जहाजाच्या सहलीसही तो 'यात्रा' असेच म्हणतो. त्याने प्रथम पासपोर्ट मागितले, आणि ते कोणाकडेच नव्हते. पासपोर्टसाठी जन्मतारखा काढल्या, तेव्हा अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म १ जूनचा आणि आईचाही १ जूनचाच निघाला. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मलेली आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडत असे आणि पोराचे वय त्या दिवशी पहिलीत बसेल अशी तारीख मास्तर स्वतःच्या अधिकारात टाकून देत. आत्या शाळेत गेलीच नाही, त्यामुळे तिची तारीख मास्तरांऐवजी आधार कार्डवाल्याने ठरवली आणि ती १ जानेवारी निघाली. "तुमच्या घरात मधल्या महिन्यांत कोणी जन्मतच नाही का?" असे एजंटाने विचारले. मी हसलो, अण्णा हसले नाहीत.

व्हिसासाठी लागणारे छायाचित्र ३५ मिलिमीटर रुंद, ४५ मिलिमीटर उंच आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे हवे होते. अण्णा नेहमीप्रमाणे पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि पांढरी टोपी अशा वेषात स्टुडिओत जाऊन बसले. छायाचित्रात पांढऱ्या अवकाशात तरंगणाऱ्या मिशा आणि त्यांच्या वर दोन रागीट डोळे, एवढेच उमटले. फोटोग्राफरने अदबीने टोपी काढावयास सांगितली. अण्णांनी इकडे-तिकडे पाहिले, मला दार लोटून घ्यायला लावले आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावर टोपीच्या कडेची एक खोल रेघ होती. तिच्या खाली ५५ पावसाळ्यांचे रापलेले कपाळ आणि तिच्या वर तान्ह्या बाळासारखी कोवळी कातडी. माझ्या वडिलांचे डोके मी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. दुसरा फोटो अण्णांच्या निळ्या स्वेटरमध्ये काढला, आणि मेच्या उन्हात तो स्वेटर घालायला लावल्याबद्दल ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे, तेथे केवळ एक ऑनलाइन आगमनपत्र भरावे लागते. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतो, आणि तोही एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा, कारण विमानाने उतरल्यावर एकदा आणि जहाजाने परतल्यावर पुन्हा एकदा, असा आपण त्या देशात दोनदा प्रवेश करतो. हे अण्णांना पटवणे मला शेवटपर्यंत जमले नाही. "निघायचं तिथूनच, यायचं बी तिथंच, मग दोनदा कामून इचारायचं? मी शेताकडून माघारी येतो तवा तू दारात कागद बघतोस का?" या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय कायद्यात उत्तर असेल, माझ्याजवळ नव्हते.

खरी परीक्षा आहाराच्या अर्जाने घेतली. जहाजावरच्या स्वयंपाकघराला काही आठवडे आधी कळवावे लागते, म्हणून एजंटाने रकाने वाचून दाखवले: शाकाहारी, जैन, वीगन, हलाल, मधुमेही, ग्लूटेनविरहित. आई माळकरी आहे, कांदा-लसूण तिला चालत नाही, म्हणून मी विजयी मुद्रेने 'जैन' या रकान्यावर बोट ठेवले. तेवढ्यात आईने कालनिर्णय मागवले आणि सहलीच्या तिसऱ्या दिवशी एकादशी निघाली. आता अडचण अशी, की जैन जेवणात जमिनीखालचे काही चालत नाही, आणि आमच्या एकादशीचे निम्मे ताट जमिनीखालूनच येते. बटाटा नको, रताळे नको, तर एकादशीला माणसाने काय खावे? म्हणजे आई सोमवारी जैन, मंगळवारी जैन, बुधवारी अजैन आणि गुरुवारी द्वादशीला पारणे सोडून पुन्हा जैन, अशी नोंद करावी लागणार होती. 'अन्य सूचना' या रकान्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी यांचे इंग्रजी वर्णन मी एका बैठकीत पाच वेळा लिहिले. पाचव्या वेळी ते वाचताना मला स्वतःलाच तो पदार्थ खाऊ नये असे वाटू लागले.

त्यातच मलेशिया आणि सिंगापूर येथील घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, हे सौभाग्यवतींनी नको तेव्हा सांगितले. एकादशी कोणत्या वेळेने धरायची? आईने तडकाफडकी निकाल दिला, की पंचांग पंढरीचे, तेव्हा घड्याळही पंढरीचेच राहील. तिच्या मनगटावरचे घड्याळ पुढे करायचे नाही, हे आम्हा सर्वांना बजावण्यात आले.

शिदोरीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. घरी शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली कोरडी पाकिटे चालतात, धपाटे चालत नाहीत. मी हे सांगितले तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती परात पालथी घालून उठली. आमच्याकडे माणूस जवळच्या औशाला गेला तरी दशमी बांधून देतात, आणि इथे समुद्र ओलांडायचा तो मोकळ्या हाताने.

तंबाखूचे मी सर्वांत शेवटी सांगितले, कारण माझी छाती होत नव्हती. सिंगापूरमध्ये खाण्याच्या तंबाखूला बंदी आहे. अण्णांची चुन्याची डबी आणि आत्याची मशेरी, दोन्ही त्यात आल्या. आत्या शांतपणे म्हणाली, "मी खात नाही, मी दात घासते." हा युक्तिवाद तिने सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे करू नये म्हणून मी तिच्या पिशवीची झडती घेण्याचे ठरवले आहे. विम्याचा अर्ज आम्ही भरला. त्याविषयी सांगण्यासारखे एवढेच, की आधीपासूनचे आजार लिहायला दिलेली जागा अण्णांना पुरली नाही.

बंदरावरच्या सहली निवडायला आम्ही सगळे पुन्हा गोलाईच्या माडीवर जमलो. पेनांगचे जॉर्ज टाउन जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथल्या टेकडीवर १९२३ पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे चालते, यावर कोणाचीच हरकत नव्हती. पोर्ट क्लांगला उतरून क्वालालंपूरजवळच्या बाटू गुंफा पाहाव्यात, असे एजंट म्हणाला, कारण "तिथं आपलाच देव आहे." २७२ पायऱ्या, आणि पायथ्याशी १४० फूट उंच सोनेरी मूर्ती. आईने हात जोडून विचारले, "कोण देव?" एजंट उत्साहाने म्हणाला, "कार्तिकस्वामी!"

आईने जोडलेले हात खाली घेतले. आत्याने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घेऊ नये, हे आमच्याकडे पोरीबाळींनाही सांगावे लागत नाही, आणि १४० फुटी मूर्ती न बघता तिच्या शेजारून जाण्याची युक्ती एजंटाच्या माहितीपत्रकात दिलेली नव्हती. तमिळ बायका त्याचे दर्शन घेतात, हे मी सांगून पाहिले. "त्यांचा तो भाऊ असंल, आपलं तसं नाही," असे आत्याने सांगितले. अखेर आमच्या गावच्या महाराजांना फोन लावला. त्यांनी बराच विचार करून सांगितले, की दर्शनाच्या हेतूने जाऊ नये, परंतु सहलीच्या हेतूने गेल्यावर दृष्टीस पडले तर दोष नाही. त्यानुसार आई आणि आत्या तिथली माकडे पाहण्यास येणार आहेत.

ही सहल जहाजाकडूनच घ्यावी की बाहेरची टॅक्सी करावी, यावर अण्णांचे मत टॅक्सीचे होते, कारण ती स्वस्त. जहाजाने आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर ते निघून जाते आणि पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठावे लागते, असे एजंटाने समजावले. "का? कंडक्टरला हाक मारली तर थांबत नाही का?" अण्णा म्हणाले. १८ मजली जहाजाला फलाटावरून हाक मारणारे अण्णा माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि मी मुकाट्याने महागडी सहल घेतली.

सगळे जमले असे वाटत असतानाच आईने बोटांवर दिवस मोजले. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो, आणि तो दिवस नेमका आम्ही पेनांगला असू तेव्हाच येत होता. घरात अर्धा तास कोणी बोलले नाही. आत्याने "मी राहते मागं," असे म्हणून पाहिले, आणि त्यात मशेरीचा वाटा किती आणि त्यागाचा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही. शेवटी शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. कोणते पिंप आधी भरायचे, मोटार किती वेळ चालवायची आणि पहिले गढूळ पाणी कोणत्या कुंडीला घालायचे, याची यादी आईने मला लिहायला लावली. ती आहाराच्या अर्जापेक्षा मोठी झाली.

काल तिकिटे घ्यायला गेलो, तेव्हा आई सोबत होती. निघता निघता तिने एजंटाला विचारले, "जहाजावर पाणी कवा येतंय?"

जहाज समुद्राचे खारे पाणी आतल्या यंत्रांत गोडे करते आणि नळाला ते चोवीस तास असते, असे त्याने सांगितले. आई गोलाईपासून घरापर्यंत रिक्षात गप्प होती. रात्री मी तिची बॅग तपासायला घेतली, तेव्हा जिथे धपाट्यांचा डबा बसायचा त्या जागी, लुगड्यांच्या घडीत, पाच लिटरचा रिकामा कॅन नीट गुंडाळून ठेवलेला होता. मी तो वर धरून तिच्याकडे पाहिले.

"चोवीस तास येतंय म्हणलाय तो," आई म्हणाली. "मग रिकाम्या हातानं माघारी कोण येतंय?"