शंभर साइट्सची यादी आणि शेवळाची भाजी

मराठीत लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक यादी फिरते आहे. मला ती चौघांनी पाठवली आणि चौघांनीही सोबत 'तुझ्या कामाची आहे' असं लिहिलं. मथळा: 'ब्लॉगला महिन्यात हजारो वाचक!!' वर काही सूचना, खाली शंभर बुकमार्किंग साइट्सची, म्हणजे आवडलेल्या पानांच्या लिंका जपून ठेवायच्या साइट्सची नावं. थोडक्यात म्हणणं असं, की नवी पोस्ट लिहिली की तिची लिंक या शंभर ठिकाणी टाकायची, म्हणजे बॅकलिंक, दुसऱ्या साइटवरून आपल्या पानाकडे येणाऱ्या लिंका, वाढतात. मग फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या जमतील तेवढ्या ग्रुपवर तीच लिंक टाकायची. लाइक-शेअर मागायचे, कारण गूगल ते मोजतं. रोज अर्धा तास एवढं केलं की महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर.

मी रानभाज्यांवर लिहिते, बारा-तेरा वर्षं झाली. या यादीची आजी मी २०१३ साली पाहिली होती आणि इमानेइतबारे तीन महिने पाळलीही होती. त्यामुळे यादी बनवणाऱ्यावर माझा राग नाही. पण चार जणांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते.

'खालील शंभर साइट्सवर खातं उघडा.'

एक अख्खा रविवार घालवून मी नावं तपासली. पहिलंच नाव डिलिशस. २००३ साली जोशुआ शॅक्टर यांनी सुरू केलेली ही साइट २००५ मध्ये याहूने घेतली. मग ती हात बदलत राहिली आणि २०१७ मध्ये पिनबोर्ड ही तसलीच साइट चालवणाऱ्या माणसाने ३५ हजार डॉलरला विकत घेऊन नवीन काही टाकायची सोय बंद करून टाकली. त्याखाली स्टंबलअपॉन. ईबेने ते २००७ मध्ये साडेसात कोटी डॉलर मोजून घेतलं होतं; ३० जून २०१८ला ते बंद झालं. गूगल प्लस सामान्य वापरणाऱ्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये गेलं. पॉकेट मोझिलाने जुलै २०२५ मध्ये गुंडाळलं. डिगचं तर काय सांगावं! त्याच्या पहिल्या पानावर लिंक चढली की गर्दीने लोकांचे सर्व्हर बसायचे. २०१० मध्ये त्यांनी साइटचा चेहरामोहरा बदलला, वापरणारे चिडून रेडिटवर गेले आणि दोन वर्षांत डिग कवडीमोलाने विकलं गेलं.

म्हणजे यादीतली जी नावं ओळखीची, त्यांतली बहुतेक दिवंगत. उरलेली उघडतात, पण उघडल्यावर काय दिसतं? ऑनलाइन जुगार, झटपट कर्ज, पॅकर्स अँड मूव्हर्स, केसगळतीवर तेल, परत जुगार. तिथे वाचायला कुणी येत नाही, जो येतो तो आपली लिंक टाकायला येतो. सगळ्याच भाजीवाल्या पाट्या मांडून बसल्यात आणि घेणारं कुणी नाही, असा बाजार.

बुकमार्किंग मुळात होतं काय, हे यादीवाले विसरलेत. डिलिशसवर माणूस स्वतःला पुन्हा वाचायचं म्हणून पान जपून ठेवायचा, त्याला दोन-चार टॅग लावायचा आणि ते जपलेलं इतरांना दिसायचं. एखादं पान पाचशे अनोळखी लोकांनी जपलंय, यालाच किंमत होती. ज्या दिवशी लिहिणाराच स्वतःची लिंक जपायला लागला, त्या दिवशी त्या आकड्याचा अर्थ गेला. आणि हो, ते लिहिणाऱ्यांत मीही होते.

'प्रत्येक लिंक म्हणजे एक बॅकलिंक, आणि बॅकलिंकने रँकिंग वाढतं.'

दुसऱ्या साइट्सनी दिलेल्या लिंक गूगलसाठी महत्त्वाच्या असतात, हे अगदी बरोबर. पण कुणी दिलेल्या? फुकट लिंका चिकटवणाऱ्यांचा सुळसुळाट झाला म्हणून जानेवारी २००५ मध्येच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने मिळून 'नोफॉलो' आणलं. लिंकवर ही खूण असली की तिचं वजन धरू नका, असं साइटवाला सर्च इंजिनला सांगतो. ज्या मोठ्या साइट्सवर कुणीही येऊन लिंक टाकू शकतो, त्यांच्यावर ही खूण साधारणपणे असतेच. जिथे नसते, तिथली गोष्ट आणखी वाईट. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो नेमका असल्या पेरलेल्या लिंकांसाठी. आज गूगलच्या स्पॅम धोरणात लिंक स्पॅमची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत हलक्या दर्जाच्या डिरेक्टरी आणि बुकमार्क साइट्सवरच्या लिंका नाव घेऊन लिहिलेल्या आहेत. यादीत ज्याला औषध म्हटलंय, ते गूगलच्या विषाच्या बाटलीवर छापलेलं आहे.

घाबरवायचं नाही मला. २०१६ नंतर पेंग्विन शिक्षा करण्यापेक्षा अशा लिंका मोजणंच सोडून देतं, त्यामुळे बहुतेक वेळा काहीच होत नाही. वाईट नाही, चांगलंही नाही. फक्त रोजचा अर्धा तास गेला, महिन्याचे पंधरा तास. तेवढ्यात मी पहाटे बाजारात जाऊन, भाजीवाल्या मावशींशी गप्पा मारून, भाजी करून, फोटो काढून दोन पोस्ट लिहिते.

'लाइक आणि शेअर जितके जास्त, तितकं गूगल वर नेतं.'

गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्ये व्हिडिओत स्वच्छ सांगितलं होतं, की फेसबुक आणि ट्विटरची पानं आम्ही इतर कुठल्याही पानासारखीच धरतो. लाइक किती, फॉलोअर किती, याला क्रम लावताना वेगळं वजन नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर तर गूगलला दिसतच नाही. चांगल्या लेखाला लाइकही मिळतात आणि कुणीतरी आपणहून त्याचा दुवाही देतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात. पाऊस पडला की छत्र्या उघडतात, छत्र्या उघडल्याने पाऊस पडत नाही.

'सर्व ग्रुपवर लिंक टाका.'

इथे जरा थांबते, कारण आपण मराठी लोक सगळ्यात जास्त हेच करतो.

माझा पहिला प्रयोग गावाकडच्या ग्रुपवर. पोस्ट शेवळं या रानभाजीवरची, तिचा पत्ता देवनागरीत होता: शेवळाची-भाजी. ब्राउझरमध्ये छान दिसतो. पण लिंक कॉपी करून चिकटवली की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे नऊ-नऊ अक्षरांचे तुकडे होतात, काना-मात्रा-वेलांटीचेसुद्धा. 'शेवळाची-भाजी' या दोन शब्दांची मोजून शंभर अक्षरं झाली, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली. पाच मिनिटांत एका काकांचं उत्तर: 'कुणीही उघडू नये, व्हायरस आहे.' त्याखाली अकरा जणांचे हात जोडलेले, काकांचे आभार मानायला. तेव्हापासून मी पत्ता इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवते. यादीत हे नाही. खरं तर उपयोगाचं असं हे एवढंच होतं.

दुसरं म्हणजे, ज्या घरात तुम्ही लिंक टाकता त्या घराला आतल्या माणसांनी बाहेर जाणं नको असतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं, की यापुढे पेजेसच्या मजकुरापेक्षा मित्र-नातेवाइकांच्या आपसातल्या बोलण्याला प्राधान्य. इन्स्टाग्रामवर फोटोखाली लिहिलेली लिंक दाबताच येत नाही. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, आणि २०२० पासून फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. 'जमतील तेवढे ग्रुप' ही सूचना ज्याने लिहिली, त्याने ती स्वतः शेवटची कधी पाळली कोण जाणे.

तिसरं दुखणं आपल्याकडचं खास. लिंक फिरत नाही, मजकूर फिरतो. कुणीतरी सज्जन 'वाचकांना त्रास नको' म्हणून पूर्ण लेख कॉपी करतो, वरचं नाव आणि खालचा पत्ता गाळतो आणि सोडून देतो. टाकळा या रानभाजीवरची माझी पोस्ट वर्षभराने माझ्याच मामेबहिणीने मला पाठवली. खाली सही कुण्या आयुर्वेदाचार्यांची, आणि मी कधीही न लिहिलेलं एक वाक्य ठळक अक्षरांत: 'मधुमेह मुळापासून बरा.' हा झाला माझा सर्वात यशस्वी प्रसार.

मग ग्रुप निरुपयोगी का? मुळीच नाही. मेच्या अखेरीला ठाणे-पालघर-रायगडच्या बाजारात शेवळं येतात. दर वर्षी कुणीतरी पहिल्यांदाच हौसेने जुडी घेतं, चिरून फोडणीला टाकतं आणि रात्री खाण्यापिण्याच्या ग्रुपवर विचारतं, 'घसा खवखवतोय, काय चुकलं?' अशा वेळी मी लिंक टाकत नाही. तिथेच सांगते, की आतल्या दांड्याचा खालचा पिवळसर भाग काढून टाकायचा आणि काकडं वाटून त्यांचं पाणी घालायचं, खाज मरते. काकडं म्हणजे काकडी नव्हे, ती शेवळांसोबतच मिळणारी आंबट हिरवी फळं. काकडं नसतील तर चिंच. मग खाली कुणीतरी विचारतं, 'सोडे घालून कशी करतात?' तेव्हा पत्ता देते. दहा-पंधरा जण येतात, आणि आलेले वाचतात. एकदा पालघरच्या एक काकू आल्या आणि माझ्या प्रमाणात काकडं दुप्पट हवीत, असं दोन ओळींत सुनावून गेल्या. करून पाहिलं, त्यांचं बरोबर होतं. पोस्ट दुरुस्त केली. त्या पोस्टला आता कुठेही टाकावं लागत नाही. पहिला पाऊस पडला की लोक शोधत येतात.

'लाइकला लाइक, कॉमेंटला कॉमेंट.' यावर काय लिहायचं? वीस ब्लॉगवाले एकमेकांना न वाचता 'अप्रतिम' म्हणतात, एवढंच.

'आकडे पाहा, वाचक वाढलेले दिसतील.' दिसतात खरे. पण व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस वाचक मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये बहुतेकदा 'डायरेक्ट' म्हणून नोंदला जातो, जणू तो तुमचा पत्ता पाठ करूनच आला. त्याच रकान्यात खरोखर पाठ करून आलेलेही असतात आणि यंत्रंही. लिंकच्या शेपटीला आपली खूण जोडल्याशिवाय कोण कुठून आलं हे कळत नाही, आणि ते न कळता 'शंभर साइट्सनी वाचक वाढले' असं म्हणणं म्हणजे निव्वळ श्रद्धा.

शंभरात एक नाव मात्र मी खोडणार नाही: पिंटरेस्ट. रांगोळी, मेंदी, ब्लाउजचे गळे, पाककृती असं डोळ्यांनी शोधलं जाणारं काही तुमच्याकडे असेल, तर तिथे लोक अजूनही स्वतःसाठी जपून ठेवतात. तिथली लिंक नोफॉलोच असते, पण येणारी माणसं खरी असतात. कविता किंवा राजकारण लिहीत असाल तर सोडून द्या. आणि एके काळी मराठी ब्लॉग एका जागी दाखवणाऱ्या सूचींवर नाव नोंदवून खरंच वाचक यायचे, कारण तिथे येणारा माणूस मराठी वाचायलाच यायचा. कुणी आज तसं काही नीट चालवणार असेल तर मी पहिली नोंद करीन.

राहता राहिली यादीची शेवटची ओळ: 'अशाच माहितीसाठी आमच्या ब्लॉगला अवश्य भेट द्या.' त्यापुढे पत्ता नाही. चौघांनी पाठवलेले चारही मेसेज मी उघडून पाहिले. एकातही नाही. पुढे पाठवताना वाटेत कुणीतरी गाळला.