आरव्ही घ्या, पण लांब जाऊ नका

मे महिना आला की डेट्रॉइटच्या आसपासच्या आपल्या मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप खडबडून जागे होतात. "मेमोरियल डेला आरव्ही भाड्याने घेतलीय, मॅकिनॉला चाललोय, वाटेत अजून काय काय होईल?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. (आरव्ही म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली मोठी गाडी, चाकांवरचं घरच; आणि मॅकिनॉ म्हणजे उत्तर मिशिगनमधलं सहलीचं ठिकाण.) माझं उत्तरही ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. मॅकिनॉला जायचंय ना, मग आपली नेहमीची गाडी काढा आणि हॉटेलात उतरा. आरव्ही घेतलीच असेल तर ती घरापासून तासाभराच्या आत कुठेतरी नेऊन उभी करा आणि रविवारपर्यंत हलवू नका.

आता हिशोब बघा. डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हायहून मॅकिनॉ सिटी साधारण पावणेतीनशे मैल. साध्या गाडीला चार तास पुरतात. पण भाड्याने मिळते ती बहुतेक क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. शेजारून अठरा चाकी ट्रक गेला की ही बया अख्खी डुलते. मी स्वतः चालवते, त्यामुळे साठच्या वर काटा न्यायची हौस मला नाही. त्यात शुक्रवारी दुपारनंतर आय-७५ या हायवेवर अर्धं मिशिगन 'अप नॉर्थ', म्हणजे उत्तरेकडे, निघालेलं असतं. वाटेतला झिलवॉकीचा पूल येईस्तोवर मुलांचा खाऊ संपतो आणि नवऱ्याचा संयम. मायलेज नऊ-दहाचं धरलं तर जाऊन-येऊन साठ गॅलन पेट्रोल. भाड्यात बहुतेक ठिकाणी रोजचे ठरावीक मैल धरलेले असतात, त्यापुढे दर मैलाला पैसे, ते वेगळेच. आणि एवढं करून पोचलात की खरी गंमत. सगळे बघायला जातात त्या पलीकडच्या मॅकिनॉ बेटावर १८९८ पासून मोटारींना बंदी आहे! म्हणजे दोनशे-अडीचशे डॉलर रात्रीप्रमाणे घेतलेलं चाकांवरचं घर अलीकडच्या पार्किंगमध्ये उभं, आणि तुम्ही पलीकडे घोड्यांच्या लिदीतून वाट काढत फज विकत घेताय.

आपल्याला सवय आहे ती दोन दिवसांत अष्टविनायक करायची. तिथे ते ठीक आहे, आठ गणपती आठ गावांत बसलेत, त्याला आपण काय करणार. पण आरव्ही एकदा लावली की हलवणं म्हणजे तासाभराचं काम असतं. भांडी आवरा, कपाटांना खिट्ट्या लावा, चांदवा गुंडाळा, विजेची केबल काढा, पायरी आत घ्या, चाकांखालच्या फळ्या काढा. नव्या जागी पोचलात की हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि गाडी नीट सपाट उभी राहीपर्यंत "अजून थोडी पुढे... थांब, थांब, मागे!" हा नवरा-बायकोचा जाहीर कार्यक्रम. सपाट लावायचं कारण नुसती झोप नाही. जुन्या आरव्हीतला गॅसवर चालणारा फ्रीज तिरका राहिला तर धड गार होत नाही आणि कालांतराने बिघडतोही. एका वीकएंडमध्ये हे दोनदा करायचं म्हणजे शनिवार गेला.

मिशिगनचा आकार हाताच्या पंजासारखा, म्हणून इथली माणसं तळहात पुढे करून नकाशा दाखवतात, त्यात आपण अंगठ्याच्या मुळाच्या खाली राहतो. तिथून तासाभरात हॉली, ब्रायटन, पिंकनी, प्राउड लेक इतकी सरकारी उद्यानं आहेत. हिमयुगात बर्फाचे मोठमोठे तुकडे मागे राहून वितळले, त्या खळग्यांत ही तळी झाली, म्हणून या भागात पावलोपावली पाणी आहे. लेक मिशिगनच्या काठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्स या वाळूच्या डोंगरांची शान इथे नाही, हे मान्य. पण मुलांना पोहायला, यजमानांना गळ टाकून काहीही न पकडता चार तास बसायला आणि मला पुस्तक घेऊन पडायला ब्रायटनचं बिशप लेक भरपूर झालं. नंबर प्लेटच्या नूतनीकरणात रिक्रिएशन पासपोर्टचे, म्हणजे सरकारी उद्यानांच्या प्रवेश परवान्याचे, पैसे भरलेले असले की आत शिरायला वेगळी फी नाही. माझी शेवटची हद्द म्हणजे अंगठ्याच्या टोकावरचं पोर्ट क्रेसेंट. दोन-सव्वादोन तास लागतात, पण तिथे रात्रीचा अंधार राखून ठेवलाय आणि आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. त्यासाठी एवढी सूट.

जवळ जाण्याचा खरा फायदा शुक्रवारी कळतो. आपण ईस्टर्न टाइमच्या पार पश्चिम कडेला राहतो, त्यामुळे जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो. साडेपाचला लॅपटॉप मिटून निघालं तरी सातला खुर्च्या मांडलेल्या असतात आणि उजेड अजून दोन तास शिल्लक. लांब जाणारे तेव्हा कुठल्यातरी रेस्ट एरियात सँडविच खात असतात आणि पुढे टॉर्चच्या उजेडात केबल जोडतात.

याला एकच अट आहे, गाडी कायम भरलेली हवी. चादरी, टॉवेल, दोन पातेली, तवा, छोटा कुकर, मिसळणाचा डबा असा दुसरा संसार गाडीतच राहिला पाहिजे. दर शुक्रवारी घरातलं स्वयंपाकघर उचलून गाडीत न्यायचं म्हटलं की तिसऱ्या खेपेपासून उत्साह मावळतो. फ्रीज गुरुवारी रात्रीच चालू करून ठेवायचा, त्याला गार व्हायला बारा-बारा तास लागतात. पाण्याची टाकी मात्र घरून काठोकाठ भरू नये. चाळीस गॅलन पाणी म्हणजे तीनशे तीस पौंडांहून जास्त वजन. कॅम्पग्राउंडवर नळ असतोच, तिथे भरा.

आता स्वयंपाक. बहुतेक जागांना तीस अँपियरची वीज असते, म्हणजे सगळं मिळून ३६०० वॉट. एसी पंधराशे खातो, इंडक्शन अठराशे, त्यात कुणीतरी प्रेमाने इन्स्टंट पॉट लावला की हजार अजून. खट्! ब्रेकर पडला. मग ऐन जुलैत अंधारात बसून एकमेकांकडे बघायचं. आत फोडणी तर मुळीच करू नका. हिंग-मोहरी तडतडली की डोक्यावरचा स्मोक अलार्म बोंबलतो आणि तो वास पडद्यांत, गाद्यांत आठवडाभर मुक्काम करतो. भाड्याची गाडी असेल तर सफाईचे पैसेही लावतात. आमची शेगडी बाहेर, पिकनिक टेबलावर असते. पहिल्या रात्री काहीच करायचं नाही, घरून नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दही. शनिवारी सकाळी बिडाच्या तव्यावर भाजणीची थालीपिठं.

आणि शनिवारी संध्याकाळी वांग्याचं भरीत. यासाठी मी जंगलात राहायला तयार आहे. इथली वांगी ही मोठी, बुटाएवढी. ज्वाळा बसू द्यायच्या, निखारा नुसता लाल धुमसत राहिला की वांग्याला तेलाचा हात फिरवून, चार ठिकाणी टोचून ते कडेला लावायचं. पाऊणएक तास लागतो. मधूनमधून देठाला धरून कूस बदलायची. आधी साल काळी पडते, मग सुरकुतते, मग एका जागी फुटून आतलं पाणी निखाऱ्यावर पडतं आणि चर्र होतं. त्या वासाने शेजारच्या जागेवरची अमेरिकन आजी वाटी घेऊन येते, हा अनुभव आहे. लाकडं मात्र घरामागची नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा तो हिरवा किडा २००२ मध्ये आपल्या डेट्रॉइटच्या आसपासच सापडला आणि त्याने कोट्यवधी झाडं संपवली. जळणाबरोबरच तो गावोगाव फिरला. पार्कवरच मोळी मिळते, चार डॉलर जास्त गेले तर जाऊ देत.

संडासाच्या टाकीबद्दल कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. सासूबाई कोल्हापूरहून पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी सगळी रचना नीट समजून घेतली.

"अगं, म्हणजे हे सगळं आपल्याच पायाखाली साठतं?"

"हो आई."

"आणि मग?"

"मग रविवारी तुमचा मुलगा रिकामं करतो."

लेकाच्या इंजिनिअरिंगच्या निकालालाही त्यांनी एवढ्या कौतुकाने पाहिलं नसेल. पण खरं सांगू, या बाबतीत आपल्या सवयी अमेरिकनांपेक्षा बऱ्या. टाकी भरेल या भीतीने ही माणसं जेमतेम वाटीभर पाणी सोडतात, मग घट्ट ते खाली ढीग होऊन बसतं आणि सेन्सर कायमचा 'फुल' दाखवतो. आपण भरपूर पाणी वापरतो, सगळं पातळ राहतं. टाकी लवकर भरते एवढंच, तर दिवसा पार्कचं बाथरूम वापरा. खासगी आरव्ही पार्कात जागेवरच ड्रेनेजची जोडणी मिळते, तिथेही काळ्या टाकीची, म्हणजे संडासाच्या टाकीची, झडप उघडी ठेवून देऊ नका. पाणी निघून जातं, बाकीचं राहतं. आणि सोडताना आधी काळी, मग भांड्या-अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुऊन निघतो.

हे काम रविवारी दुपारी करायला गेलात तर डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, दहा गाड्यांची रांग आणि प्रत्येकाची सुट्टी संपल्याची चिडचिड. आम्ही सकाळी आठला, लोक पॅनकेक उलथत असताना, जाऊन मोकळे होतो आणि परत जागेवर येऊन दुसरा चहा घेतो. गाडी हलवायची ती एवढीच. जागा सोडायची वेळ झाली की घरी पळायचं नाही. त्याच पार्कात बीचच्या पार्किंगला गाडी लावायची, पोहायचं, आतच दहीभात खाऊन तासभर झोपायचं आणि सहाला निघायचं. मॅकिनॉवाले तेव्हा परतीच्या आय-७५ वर ब्रेकवर पाय ठेवून बसलेले असतात.

विकत घ्यावी का, हा प्रश्न येतोच. २०२१ मध्ये या देशात विक्रमी सहा लाख आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, त्यातल्या बऱ्याच ओढून न्यायच्या. लोकांनी कोविडमध्ये हौसेने घेतल्या आणि आता त्यांच्या लक्षात आलंय की ऑफिस परत सुरू झालंय. त्यामुळे सेकंडहँड बाजारात निवड भरपूर आहे. पण आधी एक-दोन उन्हाळे भाड्याने घ्या. घ्यायचीच ठरली तर इंजिनाआधी छप्पर बघा. कोपऱ्यातल्या भिंती आणि पलंगाखालची जमीन अंगठ्याने दाबायची, मऊ लागली की पाणी मुरलंय, तिथून काढता पाय घ्यायचा. टायरवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात टायर कधी बनला ते असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आरव्हीचे टायर झिजून नाही, उभ्या उभ्या म्हातारे होऊन फुटतात. आणि आपल्या सबडिव्हिजनचे, म्हणजे वसाहतीचे, नियम आधी वाचा, आमच्याकडे ड्राइव्हवेवर उभी करता येत नाही, दरमहा स्टोरेजचं भाडं भरावं लागतं. ऑक्टोबर संपायच्या आत पाणी काढून नळांतून ते गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं, नाहीतर पाइप तडकलेत हे एप्रिलमध्ये कळतं.

सगळ्यात चांगले वीकएंड सप्टेंबरातल्या लेबर डेनंतरचे. पाणी अजून कोमट, डास गेलेले, गर्दी ओसरलेली. त्यातले एक-दोन शनिवार आपल्या मंडळाच्या गणपतीत जातात, त्याला इलाज नाही. सरकारी उद्यानांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि लेक मिशिगनकाठच्या लडिंग्टनसारख्या जागा लगेच उडतात, म्हणून लोक हात टेकतात. पण लांबचे बेत रद्द होतात तसे जवळचेही होतात. बुधवारी-गुरुवारी बुकिंगची वेबसाइट उघडून बसलं की काहीतरी सुटतंच, आणि तासाभराच्या अंतरावर असेल तर गुरुवारी ठरवून शुक्रवारी जाता येतं.

आत्ता लिहिता लिहिता बघितलं, येत्या शुक्रवार-शनिवारी ब्रायटनला एक जागा मोकळी झालीय. आमच्या मुलीचा रिसायटल आहे, आम्हाला जमणार नाही. कुणाला हवी तर घेऊन टाका. तीस अँपियरचीच आहे, इंडक्शन घरी ठेवा.