बीटा दुप्पट झालं नाही, म्हणून पिशवी साफ करायची?

जळगाव-धुळ्याकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: दिवस गेल्यावर बीटा एचसीजी (गरोदरपणात रक्तात वाढणारं हार्मोन) दर दोन दिवसांनी दुप्पट व्हायलाच हवं, नाहीतर गर्भ खराब, पिशवी साफ करून घ्या. फार वाढलं तर जुळं नाहीतर मुलगी. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन) कमी किंवा प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) जास्त आलं तर लगेच गोळ्या सुरू करा.

आधी ‘दुप्पट’चं बघू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. पहिला आकडा १५००च्या खाली असेल, तर ४८ तासांत निदान ४९ टक्के वाढ अपेक्षित असते. १५०० ते ३००० असेल तर ४० टक्के आणि त्याच्या वर ३३ टक्के. म्हणजे १२००वरून १८५०वर गेलेली बाई मेसेजच्या हिशेबाने नापास, डॉक्टरांच्या हिशेबाने पास. वाढ याहून संथ असली तरी ती फक्त लक्ष ठेवायची खूण. निकाल सोनोग्राफी देते, तीही गरज पडली तर काही दिवसांनी पुन्हा करून. शिवाय आठव्या ते अकराव्या आठवड्यांत बीटा शिखरावर पोचतं आणि मग आपणहून उतरतं. बाराव्या आठवड्यात ‘आकडा पडला’ म्हणून घरात रडारड कशाला?

आपल्याकडची आणखी एक गोम. पहिलं रक्त चोपडा गावातल्या लॅबमध्ये दिलेलं, दुसरं जळगावला. लॅब बदलली की यंत्र आणि किट बदलतं, आकडाही थोडा हलतो. एका काट्यावर केळी तोलून दुसऱ्या काट्यावर घट काढण्यातला हा प्रकार. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये जा.

टीएसएच कमी येण्यामागे बऱ्याचदा हेच बीटा असतं. दोन्ही हार्मोनांचा एक भाग सारखाच असल्यामुळे एचसीजी थायरॉइडला डिवचतं आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच खाली येतं. उलट्या फार असतील तर जास्तच. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टर फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) बघतात, ते उगाच नाही. केसगळतीसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर तेही सांगा. त्याच्या मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवर टीएसएच आणि बीटा खोटं कमी, तर टी-४ खोटं जास्त दिसतं. आणि थायरॉइड कमी पडतं म्हणून थायरॉक्सिनची गोळी आधीपासून चालू असेल तर मनाने बंद करू नका. गरोदरपणात तिचा डोस बहुतेक वेळा वाढवावाच लागतो.

प्रोलॅक्टिन तर वाढणारच, दुधाची तयारी आहे ती. रिपोर्टवर ठळक अक्षरं दिसतात, कारण शेजारी छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या बाईची असते.

बीटा फार जास्त आलं तर जुळं असू शकतं, तारखा चुकलेल्या असू शकतात, क्वचित द्राक्षगर्भही (गर्भाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षांच्या घडासारख्या वाढणं). फरक सोनोग्राफीतच कळतो. मुलगा-मुलगी मात्र या आकड्यावरून कळत नाही. आणि गर्भलिंग सांगायला १९९४च्या कायद्याने बंदी आहे, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मेसेजमध्ये खरी धोक्याची गोष्ट आलेलीच नाही. गर्भ नळीत राहिला असेल तर बीटा कधी कधी अगदी नीट वाढताना दिसतं. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, रक्तस्राव यांपैकी काही झालं तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता, रात्र असली तरी, सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा.